जुन्या आवृत्तीचा निरोप

बृहन्महाराष्ट्रातील मराठी घरांत संगणकाने आता चांगलेच बस्तान बसविले आहे. परगावी असलेल्या मुलानातवंडांशी बोलणे, गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका तयार करणे, कुळाचा वृत्तांत टंकून ठेवणे, निवृत्त झालेल्या आजोबांनी आपल्या आठवणी लिहिणे, अशी किती तरी कामे त्याच्या आधाराने चालतात. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील ज्या घरी नवा संगणक घेणे परवडत नाही किंवा आवश्यक वाटत नाही, त्या घरी एखादा हुशार भाचा किंवा पुतण्या जुन्याच यंत्रावर 'लिनक्स' बसवून देतो. ते फुकट मिळते, यंत्र हलकेपणाने चालू लागते आणि मंडळी समाधान पावतात. पुढे चार-पाच वर्षांनी पडद्याच्या कोपऱ्यात एक सूचना उमटते, की आपण वापरीत असलेल्या आवृत्तीचे पाठबळ अमुक महिन्यात संपत आहे. तोवर भाचा नोकरीनिमित्त बंगळुरास गेलेला असतो.

या सूचनेचे बहुतेक घरी दोनच परिणाम होतात. काही जण ती न वाचताच बंद करतात. काहींना वाटते, की संगणक आता बंद पडणार आणि आतील सर्व लेखन बुडणार. वास्तविक संगणक त्या तारखेस बंद पडत नाही; पण म्हणून सूचना दुर्लक्षिण्याजोगीही नसते. हे पाठबळ कोण देते, ते का संपते आणि संपल्यावर आपण काय करावयाचे, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजले आहे. शेवटी हा प्रश्न आपल्या भाषेपर्यंत येऊन पोहोचतो, हेही वाचकांच्या ध्यानात येईल.

फुकट आणि मुक्त

संगणकाची कळ दाबल्यापासून तो बंद करीपर्यंत सर्व कारभार पाहणारी जी मूळ आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपण तिला कार्यप्रणाली म्हणू. बहुतेक संगणकांवर असते ती विंडोज ही कार्यप्रणाली एका कंपनीच्या मालकीची आहे. तिची रचना गुप्त असते आणि आपण पैसे देऊन केवळ वापरण्याची परवानगी घेतो. याहून निराळी वाट अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली दाखविली. आज्ञावली वाचण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्यास देण्याची मोकळीक सर्वांस असावी, हे त्यांचे तत्त्व. त्यांनी 'ग्नू' नावाचा प्रकल्प आरंभिला. पुढे १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एक विद्यार्थी, लिनस टॉर्व्हाल्ड्स, याने आपण हौस म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच लिनक्स होय. या दोन प्रवाहांच्या संगमातून मुक्तस्रोत कार्यप्रणालींचा मोठा परिवार उभा राहिला.

या परिवारात घराणी पुष्कळ आहेत. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेले 'डेबियन' हे त्यांतील एक जुने व प्रतिष्ठित घराणे. जगभरातील स्वयंसेवक ते चालवितात. डेबियनच्या पायावर २००४ च्या ऑक्टोबरमध्ये 'उबुंटू' उभे राहिले. हे नाव आफ्रिकी आहे आणि इतरांविषयीची माणुसकी असा काहीसा त्याचा अर्थ आहे. त्याच्या तबकड्या कित्येक वर्षे कोणाही मागणाऱ्यास टपालाने विनामूल्य घरपोच मिळत. २०११ साली ती योजना बंद झाली. आज आपल्या घरांतून लिनक्स म्हणून जे वापरले जाते, ते पुष्कळदा उबुंटू किंवा त्याच्या गोतावळ्यातील एखादे असते.

उबुंटूच्या आवृत्तीचा क्रमांक हाच तिचा जन्मदाखला असतो. १८.०४ म्हणजे २०१८ सालच्या एप्रिलमधील, २०.०४ म्हणजे २०२० सालच्या एप्रिलमधील. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या आवृत्तीस दीर्घ पाठबळाची आवृत्ती म्हणतात आणि तिला सामान्यतः पाच वर्षे विनामूल्य पाठबळ असते. त्यानुसार १८.०४ चे पाठबळ २०२३ च्या मे महिन्यात संपले आणि २०.०४ चे २०२५ च्या मे महिन्यात. मधल्या काळातील इतर आवृत्त्यांना अवघे नऊ महिने मिळतात. ही गोष्ट बसवून देणाऱ्याने सांगितलेली नसते आणि बसवून घेणाऱ्याने विचारलेली नसते.

पाठबळ म्हणजे काय?

कार्यप्रणाली ही कोट्यवधी ओळींची आज्ञावली आहे. इतक्या मोठ्या लेखनात मुद्रणदोष राहावेत तसे दोष राहतात. काही दोष निरुपद्रवी असतात. काहींमधून मात्र परक्यास आत शिरता येते. असा दोष सापडला की जाणकार मंडळी त्याची दुरुस्ती लिहितात, ती तपासतात आणि सर्व संगणकांकडे धाडतात. पाठबळ म्हणतात ते हेच. मुदत संपली की संगणक पूर्वीप्रमाणेच चालतो, पण नव्याने सापडलेल्या दोषांची दुरुस्ती त्याच्याकडे येईनाशी होते. गतवर्षीच्या पंचांगाची पाने फाटलेली नसतात, अक्षरेही स्पष्ट असतात. तरी त्यावरून यंदाची एकादशी काढता येत नाही. जुन्या आवृत्तीचे तसेच होते.

यातील खरा धोका थोडा आडवळणाचा आहे. मुक्तस्रोत प्रणालीत दुरुस्ती उघडपणे प्रसिद्ध होते. दुरुस्ती प्रसिद्ध झाली म्हणजे दोष नेमका कोठे होता हेही जगास कळते. जुन्या वाड्यातील दिंडीदरवाजाची कडी बाहेरून निघते, हे गावभर जाहीर करून गावातील सर्व कड्या बदलून द्याव्यात आणि एकाच वाड्याची तेवढी राहावी, अशी ती स्थिती असते. दोष ठाऊक नव्हता तोवर तो वाडा इतरांइतकाच सुरक्षित होता. आता तो इतरांहून अधिक उघडा पडतो.

गुप्त रचनेच्या प्रणालींनाही हे चुकलेले नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका दोषाची दुरुस्ती २०१७ च्या मार्चमध्ये दिली. मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी कार्यक्रम जगभर पसरला आणि ज्यांनी ती दुरुस्ती बसविली नव्हती त्यांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. ब्रिटनमधील सार्वजनिक रुग्णालयांचे काम त्याने विस्कळीत केले. विंडोज एक्सपीचे पाठबळ २०१४ च्या एप्रिलमध्येच संपले होते. तरी संकट पाहून कंपनीने त्याही आवृत्तीसाठी अपवाद म्हणून दुरुस्ती काढली. असा अपवाद करणे न करणे सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर असते.

पाठबळ का संपते?

लोक पुष्कळदा विचारतात, की फुकट वस्तूला मुदत कशाला? दुरुस्ती लिहिणारी माणसे मोजकी असतात, हे त्याचे उत्तर. प्रत्येक दुरुस्ती नव्या आवृत्तीसाठी एकदा आणि प्रत्येक जुन्या आवृत्तीसाठी पुन्हा निराळी बसवावी लागते, कारण मधल्या वर्षांत भोवतालची रचना बदललेली असते. आवृत्ती जितकी जुनी तितके हे काम किचकट होते आणि तितकेच ते करू इच्छिणारे हात कमी होतात. दहा जुन्या आवृत्त्या सांभाळीत बसले तर नव्याकडे पाहण्यास कोणी उरणार नाही.

यात भावनेला फारसा वाव ठेवलेला नाही. टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स लिहिले ते ३८६ या जातीच्या प्रोसेसरवर. त्याच ३८६ चा आधार लिनक्सने २०१२ च्या डिसेंबरमध्ये काढून टाकला आणि २०१३ च्या आरंभी आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून ते जन्मस्थानच प्रणालीस परके झाले. पुढची पायरी ३२ बिट जातीच्या संगणकांची. उबुंटूने अशा यंत्रांसाठी नेहमीची प्रतिष्ठापन-प्रत देणे २०१७ साली थांबविले. डेबियनची तेरावी आवृत्ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये आली, तीत या यंत्रांवर बसविण्याची सोय राहिली नाही. त्याच वर्षी मोझिलाने ३२ बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्या काढणे थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. घरी २००५ च्या सुमाराचे यंत्र असेल, तर ते या जातीचे असण्याचा संभव बराच आहे.

मालक गेला तरी

मग मुक्त आणि मालकीची प्रणाली यांत भेद तो कोणता राहिला? 'सेंटओएस' या प्रणालीच्या उदाहरणाने तो स्पष्ट होईल. ती रेड हॅट या कंपनीच्या व्यावसायिक प्रणालीची विनामूल्य आवृत्ती असे. विद्यापीठे, प्रयोगशाळा, लहान कंपन्या यांचे सर्व्हर तिच्यावर चालत. तिच्या आठव्या आवृत्तीस २०२९ पर्यंत पाठबळ मिळेल अशी अपेक्षा होती. ८ डिसेंबर २०२० रोजी अकस्मात घोषणा झाली, की हे पाठबळ ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपेल. ज्यांनी पुढील आठ वर्षांचा हिशेब मांडून व्यवस्था लावली होती, त्यांच्या हाती एक वर्ष उरले.

संताप झालाच, पण सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ग्रेगरी कुर्ट्झर यांनी लागलीच त्याच धर्तीची नवी प्रणाली उभारण्याचा संकल्प सोडला. दिवंगत सहसंस्थापक रॉकी मॅगॉ यांच्या स्मरणार्थ तिचे नाव 'रॉकी लिनक्स' ठेवले. दुसऱ्या एका गटाने 'अल्मालिनक्स' उभे केले आणि त्याची पहिली पक्की आवृत्ती २०२१ च्या मार्चमध्ये दिली. रॉकीची जूनमध्ये आली. जुनी सातवी आवृत्ती ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चालली. कंपनीने हात काढून घेतला, तरी रचना उघडी असल्यामुळे दुसऱ्यांना तेथून पुढे जाता आले. बंद प्रणालीच्या बाबतीत असे होणे शक्यच नव्हते.

डेबियनमध्ये हेच शांतपणे घडले. त्याच्या आवृत्तीस नेहमीचे पाठबळ सुमारे तीन वर्षे असते. २०१४ पासून काही मंडळींनी जुन्या आवृत्त्या आणखी दोन वर्षे सांभाळण्याची जबाबदारी घेतली. ज्या कंपन्यांना जुनी आवृत्ती हवी आहे त्या पैसे देतात, त्यांतून काम करणाऱ्यांस मानधन मिळते आणि झालेली दुरुस्ती मात्र सर्वांना विनामूल्य मिळते. गावच्या विहिरीचा गाळ चार सधन घरांनी पैसे घालून काढावा आणि पाणी सगळ्या गावाने भरावे, असा हा व्यवहार आहे.

मुक्ततेचा अर्थ येथे उलगडतो. काम पुढे चालविण्याचा हक्क सर्वांस आहे. पण तो बजावणारे हात पुढे आले तरच त्याला मोल. हात नसतील तर मुक्त प्रणालीही निमूटपणे निमते, आणि तिच्या बाबतीत तक्रार घेऊन जावे असे दारही कोठे नसते.

आपल्या देशातील अनुभव

भारतात सी-डॅक या शासकीय संस्थेने, तिच्या चेन्नई केंद्रातून, 'बॉस' नावाची प्रणाली २००७ च्या जानेवारीत प्रसिद्ध केली. भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स या नावाची ती आद्याक्षरे. मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय तीत केलेली आहे. तिच्या आवृत्त्यांना अनूप, दृष्टी, उन्नती, प्रज्ञा अशी सुंदर नावे मिळाली. परंतु बॉसचा पाया डेबियनचा आहे. डेबियनची आवृत्ती जुनी झाली, की तिच्यावर उभ्या असलेल्या बॉसलाही नव्या पायावर जावे लागते. वरच्या तळ्याचे पाणी आटले की पाटात पाणी राहत नाही. म्हणून स्वदेशी प्रणाली वापरणाऱ्यानेही तिची आवृत्ती पाहत राहणे अगत्याचे आहे. केंद्र शासनाने २०१५ साली शासकीय कामात मुक्तस्रोत प्रणालींना अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा कार्यालयांतूनही हा प्रश्न येणारच.

केरळने शाळांच्या बाबतीत घालून दिलेला धडा आम्हांस विशेष विचारणीय वाटतो. तेथील शासकीय व अनुदानित शाळांत लिनक्स वापरले जाते आणि त्यासाठी 'काइट' ही स्वतंत्र शासकीय संस्था आहे. ती उबुंटूवर आधारलेली आपली आवृत्ती तयार करते. पाया जुना झाला की नवी आवृत्ती काढते, शिक्षकांना प्रशिक्षण देते आणि मग शाळाशाळांतून ती बसविते. उबुंटू २२.०४ वर आधारलेली तिची आवृत्ती २०२४ साली आली. तेथे पाठबळ संपल्याची सूचना एखाद्या एकट्या शिक्षकाच्या माथी येत नाही. व्यवस्था जागी असते. प्रणाली फुकट मिळते, पण तिचा सांभाळ फुकट होत नाही, हे त्या राज्याने ओळखले. ज्या शाळेत संगणक बसविले त्या वर्षी उद्घाटन होते आणि पुढे कोणी त्यांकडे फिरकत नाही, तेथे पाचव्या वर्षी काय होते ते शिक्षकी पेशातील वाचकांना सांगणे न लगे.

घरी काय करावे?

आता घरच्या यंत्राकडे वळू. प्रथम सेटिंग्जमधील 'अबाउट' हे पान उघडून आवृत्तीचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा आणि तिची मुदत कधी संपते ते पाहावे. तो कागद विजेच्या बिलांच्या फायलीत ठेवला तरी चालेल, पण ठेवावा.

दुसरे काम सर्वांत महत्त्वाचे. आपले लेखन, छायाचित्रे, हिशेब यांची प्रत निराळ्या पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर काढावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडते की नाही हे पाहावे. प्रत काढली असे समजणे आणि ती उघडून पाहणे यांत फार अंतर आहे. हे झाल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये.

तिसरे, नव्या आवृत्तीकडे जाणे. उबुंटूमध्ये एका दीर्घ पाठबळाच्या आवृत्तीवरून तिच्या लगतच्या पुढील आवृत्तीवर जाता येते. १८.०४ वरून आधी २०.०४, मग २२.०४, असे एकेक पायरीने जावे लागते. मधली पायरी गाळता येत नाही. यंत्र फार मागे राहिले असेल, तर प्रत काढून नवी आवृत्ती मुळापासून बसविणे सोपे पडते. त्यापूर्वी ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. आतील काहीही न बदलता छपाईयंत्र, आवाज, इंटरनेट आणि मराठी टंकन नीट चालते का, याची अशी परीक्षा करावी. ज्यांना लगेच बदल नको असेल, त्यांच्यासाठी उबुंटूची 'प्रो' नावाची योजना आहे. नोंदणी केल्यास घरगुती वापराच्या पाच यंत्रांपर्यंत ती विनामूल्य असून तिने सुरक्षेच्या दुरुस्त्या आवृत्तीच्या जन्मापासून दहा वर्षे मिळतात. १८.०४ वापरणाऱ्यास त्यामुळे २०२८ पर्यंत सवड आहे.

यंत्र ३२ बिट जातीचे असेल तर मात्र मोह आवरावा. ते इंटरनेटपासून तोडून केवळ लेखनासाठी ठेवता येईल. बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. विंडोज १० चे सर्वसाधारण विनामूल्य पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला चालतील असे पुष्कळसे जुने संगणक नाहीत. ती यंत्रे भंगारात घालण्याऐवजी लोक लिनक्सकडे वळत आहेत आणि हे योग्यच आहे. फक्त बसवून देणाऱ्यास दोन प्रश्न विचारावेत: ही दीर्घ पाठबळाची आवृत्ती आहे काय, आणि तिची मुदत संपेल तेव्हा कोण येईल?

भाषेचे पाठबळ

आतापर्यंत आपण यंत्राचे बोललो. मराठी घरांचा खास प्रश्न याच्या पुढे आहे.

'ॲ' हे अक्षर पाहा. 'ॲलोपॅथी' किंवा 'ॲड्रेस' लिहिताना मराठी माणूस ते सहज लिहितो. हिंदीत या ठिकाणी 'ऐ' किंवा 'ए' चालतो. जगातील सर्व लिप्यांना संगणकात क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत या मराठी अक्षरास स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली. त्यापूर्वीच्या प्रणालीवर हे अक्षर असलेला आजचा मजकूर उघडला, तर त्या जागी रिकामी चौकट दिसण्याचा संभव असतो. रुपयाच्या चिन्हाचेही तसेच. ते शासनाने स्वीकारले २०१० च्या जुलैमध्ये आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या उबुंटू १०.१० मध्ये ते उपलब्ध झाले. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतील अर्धा र, मराठी वळणाचे ल आणि श, हेदेखील प्रणालीत कोणी तरी मुद्दाम घातले म्हणून दिसतात. जुन्या आवृत्तीस चिकटून राहणारा मराठी वाचक अशा रीतीने नकळत मराठीच्याच एका जुन्या आवृत्तीस चिकटून राहतो.

ही सोय केली कोणी? २००० च्या सुमारास 'इंडलिनक्स' या प्रकल्पाने भारतीय भाषांत लिनक्स आणण्याचे काम हाती घेतले. पुण्यातील रेड हॅटच्या कार्यालयातून मराठी भाषांतराचे पुष्कळ काम झाले. त्याच कंपनीने 'लोहित' हे अक्षरवळण मुक्त परवान्याखाली दिले. आमच्या माळव्याचाही यात वाटा आहे. रतलामचे रविशंकर श्रीवास्तव, ज्यांना लोक रवि रतलामी म्हणून ओळखत, यांनी विद्युत मंडळातील अभियंत्याच्या पेशानंतर लिनक्सच्या हिंदी आणि छत्तीसगढी भाषांतरास आपली वर्षे दिली. १९९९ साली इंदूरहूनच 'वेबदुनिया' सुरू झाले आणि त्याने हिंदीबरोबर मराठीतही मजकूर दिला. नागरी लिपी संगणकावर आणण्याच्या कामात आपले शहर मागे नव्हते.

परंतु भाषांतर हे एकदा करून संपणारे काम नाही. लिनक्सवरील 'ग्नोम' या पडद्याची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. तीत काही वाक्ये नवी असतात, काही बदललेली असतात. एखादे इंग्रजी वाक्य थोडे जरी बदलले तरी त्याचे जुने मराठी भाषांतर संशयास्पद मानून बाजूस ठेवले जाते आणि कोणी तपासून दिले नाही, तर पडद्यावर इंग्रजीच दिसते. प्रथम एखादा शब्द, मग एखादी ओळ, मग पानेच्या पाने. आवृत्तीचे पाठबळ संपते त्याची तारीख वर्षानुवर्षे आधी जाहीर होते. भाषेचे पाठबळ संपते त्याची सूचना मात्र कोणत्याही पडद्यावर उमटत नाही.

मराठी माणसाने हे एकदा अनुभवलेले आहे. मोडी लिपीत होळकरशाहीचा, शिंदेशाहीचा, पेशवाईचा कारभार चालला. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतून गेली. तिला कोणी मनाई केली म्हणून नव्हे; छपाई बाळबोधीत होऊ लागली आणि मोडी शिकविण्याचे प्रयोजन उरले नाही. आज इंदुरातील कित्येक जुन्या मराठी घरांत पेटीच्या तळाशी पणजोबांचे कागद आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारा घरात नाही. युनिकोडने मोडीला २०१४ साली स्थान दिले, आता ती संगणकावर लिहिता येते आणि तिचे प्रशिक्षणवर्गही चालतात. परंतु साठ-सत्तर वर्षांची तूट भरून काढणे किती कष्टाचे आहे, हे त्या कागदांस विचारावे.

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांनी वर्षातून एक रविवार या कामी द्यावा. तरुणांनी घरोघरच्या संगणकांच्या आवृत्त्या तपासाव्यात, प्रती काढून द्याव्यात, जुनी यंत्रे नव्या आवृत्तीवर न्यावीत. त्याच बैठकीत वडीलधाऱ्यांनी मराठीत न आलेली वाक्ये घ्यावीत आणि त्यांना नीट मराठी प्रतिशब्द द्यावेत. ग्नोमच्या भाषांतरात कोणासही भाग घेता येतो. त्यास पुण्या-मुंबईचा रहिवास लागत नाही आणि कोणाची पदवी विचारली जात नाही. तरुणांना यंत्र येते पण मराठी अडते, वडिलांना मराठी येते पण यंत्र अडते. बृहन्महाराष्ट्रातील बहुतेक घरांची ही स्थिती आहे. हे दोघे एका टेबलाशी बसले, तर घरचा संगणक सुरक्षित राहील आणि त्याच्या पडद्यावर मराठीही राहील.

पाठबळ संपल्याची सूचना पुढच्या वेळी उमटेल, तेव्हा ती बंद करण्यापूर्वी मोठ्याने वाचावी. ती मराठीत आहे की इंग्रजीत, हेही त्याच वेळी कळेल.